काहीच दिसलं नाही म्हणणाऱ्यांना

“काय, दिसलं का काही वर?”

“छे! काहीच नाही. नुसती झाडी.”

जूनमधला दुसरा रविवार. उर्से गावाजवळच्या टपरीवर चहावाल्याने प्रश्न विचारला आणि पुण्याहून आलेल्या आठ-दहा जणांच्या टोळक्यातल्या एकाने हे उत्तर दिलं. सकाळी नऊला ही मंडळी डोंगरावर गेली होती, बाराला खाली आली. मी त्याच वाटेने पहाटे साडेपाचला चढून नऊच्या सुमारास उतरायला लागलो होतो. म्हणून त्या माणसाला, आणि दर शनिवार-रविवारी एक्स्प्रेसवेवरून मावळात उतरणाऱ्या त्याच्यासारख्या हजारोंना मला तोंडावर सांगायचं आहे : जंगलात काही नव्हतं, हे खोटं आहे. तुम्हाला बघता येत नाही आणि बघायला शिकायची तुमची तयारी नाही.

त्या सकाळी वर काय होतं ते ऐका.

पहिली चढण संपते तिथे करवंदाच्या जाळीवर हरणटोळ पसरला होता. कोवळ्या वेलीचा रंग, वेलीइतकाच बारीक. वाऱ्याने फांदी हलली की तोही तेवढाच हलायचा. पुढच्या कातळावर उदमांजराची विष्ठा होती, जांभळाच्या बियांनी गच्च भरलेली. फळ खायचं, बी पोटातून दूर न्यायची आणि दुसऱ्या उतारावर टाकायची, हे काम ते जनावर रात्रभर करतं. त्या उतारावरची जांभळं कोणी खड्डा खणून लावलेली नाहीत. पहिल्या सरीने भिजलेल्या मातीवर मृगाचे किडे निघाले होते, लाल मखमलीचे. वाटेच्या कडेला साळिंदराचा काटा पडला होता. आणि झाडीच्या आतून दोन सुरांची स्वच्छ शीळ येत होती. तो नवरंग. हिवाळा दक्षिणेत काढून पावसाच्या तोंडाशी तो आपल्याकडे घरटं करायला येतो. वीस मिनिटं एका जागी बसल्यावर तो मला दिसला, पाचोळा उलथत होता. हिरवी पाठ, पिवळसर पोट, शेपटीखाली लालभडक.

वर एक ठाकर बाई शेवळं खुडत होती. तिला विचारलं, काही हालचाल आहे का? हात न थांबवता ती म्हणाली, “रातभर भेकर वरडत व्हतं दादा. वाघरू फिरतंय.” बिबट्या तिने पाहिला नव्हता, मीही पाहिला नाही. पण भेकराच्या ओरडण्यावरून तिला जे कळलं, ते कळायला पुस्तकं वाचणाऱ्याला दहा वर्षं लागतात. रात्री कोण कुठून कुठे गेलं, हे तिला सकाळी भाजी खुडता खुडता ठाऊक होतं.

नऊ वाजता ते टोळकं वर आलं. एकाच्या पाठीवरच्या पिशवीला स्पीकर लटकत होता, खालच्या वाटेपासून तो वाजत होता. नवरंगाची शीळ थांबली. करवंदाच्या जाळीजवळ दोघं उभे राहिले, हरणटोळापासून हातभर अंतरावर, आणि फोनकडे बघून हसले. तीन तासांनी खाली येऊन त्यांनी सांगितलं, काहीच नाही.

वाघ असेल तरच जंगल, हे आपल्या डोक्यात कोणी भरवलं? हाच माणूस ताडोबाला जातो तेव्हा सहा महिने आधीपासून तयारी करतो. पहाटे थंडीत प्रवेशद्वारावर उभा राहतो, गाडीत गप्प बसतो, गाइडने बोट केलं तिकडे बघतो, गाडीतून खाली उतरत नाही, वेफर्सचं पाकीट बाहेर टाकत नाही. म्हणजे त्याला शिस्त येते. तिथे परवाना आहे, दंड आहे, शेजारी गाइड आहे, म्हणून तो ती पाळतो. मावळात विचारणारं कोणी नाही, म्हणून मोडतो. ज्याची शिस्त दंडाला घाबरून असते, त्याने आपल्या निसर्गप्रेमाबद्दल बोलू नये.

मागच्या वर्षीची गोष्ट. मे महिना सरत आला होता. उर्से खिंडीच्या वरच्या अंगाला खडकाळ माळ आहे. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर चार खडे गोळा करते आणि त्यात अंडी घालते. ती अंडी दगडांच्या रंगाची, त्यामुळे पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. टिटवी मात्र दिसते. जवळ कोणी आलं की ती डोक्यावर घिरट्या घालते, ओरडते, अंगावर झेप घेते. त्या दिवशी एक जीप माळावर चढली. गाडी दगडांवरून कशी जाते याचा व्हिडिओ काढायचा होता. टिटव्यांची जोडी गाडीच्या काचेवर झेपावत होती. मी धावत गेलो, हात केला, गाडी थांबवा म्हणून ओरडलो. गाडी थांबली तेव्हा एक चाक घरट्यावरून गेलं होतं. चारपैकी तीन अंडी फुटली. मी चालवणाऱ्या पोराला ती दाखवली. तो म्हणाला, “काका, सरकारी जागा आहे. तुमच्या बापाची आहे का?”

हे वाक्य मी वर्षभर मनात वागवलं आहे, कारण आजार नेमका त्यात आहे. आपल्याकडे ‘सरकारी’ या शब्दाचा अर्थ ‘कोणाचंच नाही’ असा झाला आहे. सरकारी दवाखान्याची भिंत थुंकण्यासाठी, सरकारी बस ओरखडण्यासाठी आणि सरकारी जंगल बाटल्या फोडण्यासाठी. या अर्थाला इतिहास आहे, तोही सांगतो. इंग्रजांनी १८७८च्या कायद्याने डोंगर राखीव केले, त्यांना लाकूड हवं होतं. गावाचं रान एका फटक्यात ‘फॉरेस्ट’ झालं. गायरानं, डोंगर, दऱ्या जंगलखात्याने घशात घातल्या आणि शेतकऱ्याच्या शेळीला चरायला जागा उरली नाही, हे जोतिराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये रागाने मांडलं. तो राग रास्त होता. ज्याचं रान हिरावलं गेलं त्या माणसाने ‘सरकारी’ हा शब्द तुच्छतेने उच्चारला, तर मी समजू शकतो. पण लाखांची जीप घेऊन माळावर चढणाऱ्या पोराचं कोणी काय हिरावलं आहे? त्याने हा शब्द त्या शेतकऱ्याकडून उचलू नये.

आता सरकारकडे वळतो, कारण दोष एकट्या पर्यटकाचा नाही.

उर्से म्हटलं की बाहेरच्या माणसाला टोलनाका आठवतो. त्या नाक्यावरून जाणारी एकही गाडी मोजल्याशिवाय सुटत नाही. एप्रिल २०२३मध्ये मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेचा मोटारीचा टोल ३२० रुपये झाला, तो खात्यातून आपोआप वळता होतो. २०२४पासून या रस्त्यावर कॅमेऱ्यांची साखळी आहे : वेग वाढला, मार्गिका सोडली, पट्टा लावला नाही, की दंडाचा संदेश फोनवर येतो. गाडी बंद पडली तर क्रेन येते. म्हणजे या राज्याला मोजता येतं, रोखता येतं, दंड करता येतो, मदत पाठवता येते. नाक्यापासून अर्ध्या तासाच्या चालीवर डोंगराची धार आहे. तिथे किती माणसं चढली, किती उतरली, किती बाटल्या वर गेल्या आणि किती खाली आल्या, हे विचारणारा एक माणूस नाही. एका वनरक्षकाच्या वाट्याला कित्येक गावांचे डोंगर असतात. त्याने शिकार रोखायची, वृक्षतोड पकडायची, वणवा विझवायचा, बिबट्या विहिरीत पडला की धावायचं, रोपवन सांभाळायचं, कागद भरायचे आणि रविवारच्या हजार माणसांना आवरायचं. हे एका माणसाने होणार नाही, हे मंत्रालयात बसलेल्याला कळत नसेल असं मी मानत नाही. त्याला ते कळतं आणि तो ते चालू देतो.

कायदा आहे. १९२७च्या भारतीय वन अधिनियमाचं २६वं कलम राखीव वनात आग लावणं, घुसणं, नासधूस करणं गुन्हा ठरवतं. १९७२चा वन्यजीव कायदा आहे, त्यात घरटी आणि अंडी यांनाही संरक्षण आहे. माळावरच्या त्या तीन अंड्यांसाठी तो कायदा एक पाऊल चालून आला नाही.

कायदा कधी चालून येतो तेही आपण पाहिलं. ३० जून २०२४ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्यातल्या एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यात लहान मुलं होती. ती माणसं प्रवाहात एकमेकांना धरून उभी होती, ते दृश्य देशाने फोनवर पाहिलं. लगेच जिल्हा प्रशासनाने मनाई आदेश काढले, स्टॉल पाडले, पोलीस उभे केले. पुढच्या वर्षी १५ जून २०२५ला, रविवारीच, तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला. चार जण गेले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. फलक लावला की जबाबदारी संपली असं मानणारं प्रशासन आणि फलकासमोर उभं राहून फोटो काढणारी जनता, दोघांनी मिळून ते चार बळी घेतले आहेत. मेलेल्यांबद्दल वाईट बोलू नये. जिवंतांबद्दल बोलायलाच हवं.

आणि याच काळात सरकारने काय आणलं? लोणावळ्याच्या टायगर पॉइंट, लायन्स पॉइंट परिसरात काचेचा स्कायवॉक. ३३३ कोटींचा प्रकल्प. दरीवर काच टाकायची आणि त्या काचेवर उभं राहून लोकांनी खाली बघायचं. खाली जे आहे ते राखायला माणूस नाही आणि ते बघण्यासाठी काचेला ३३३ कोटी आहेत. दरी बघायला काच लागत नाही. सह्याद्रीच्या कड्यावर उभं राहून दरी बघायची सोय या भूमीने लाखो वर्षांपूर्वी करून ठेवली आहे. त्या पैशात मावळातल्या प्रत्येक गावची चार-चार पोरं-पोरी वनखात्याच्या हाताखाली पगारावर ठेवता आली असती. ठाकर, कातकरी, धनगर वस्त्यांमधली, ज्यांना भेकराच्या ओरडण्याचा अर्थ कळतो अशी.

हे अशक्य आहे असं कोणी म्हणू नये. साताऱ्याच्या कास पठारावर हंगामात दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा घातली गेली, आधी नोंदणी करावी लागते, शुल्क द्यावं लागतं आणि व्यवस्था वनखात्यासोबत आसपासच्या गावांच्या समित्या बघतात. ते पठार २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं. कासची व्यवस्था निर्दोष नाही, कुंपणावरून तिथे मोठा वाद झाला, गर्दीच्या दिवशी नियम वाकतात. तरी तिथे फुलांवर लोळणाऱ्याला उठवणारा माणूस असतो. मावळात तो नाही. २०२५च्या जुलैमध्ये लोहगडही जागतिक वारसा झाला. त्या गडाचा दरवाजा गर्दीने तासन्‌तास कोंडतो, हे २०२३च्या पावसाळ्यात दिसलं होतं. मर्यादा घालायला अजून कशाची वाट बघायची आहे?

झाडं लावणाऱ्यांनाही सोडणार नाही. पावसाळा लागला की बसगाड्या येतात. एकसारखे टी-शर्ट, बॅनर, खड्डे आधीच खणलेले, हातात रोप, फोटो, पुरी-भाजी, परत. मावळातले गवताचे डोंगर ओसाड नाहीत, हे या मंडळींना कोणी सांगत नाही. ते गवत हेच तिथलं जंगल आहे. चंडोल त्यात घरटं करतो, ससा त्यात बिळासारखी जागा करून बसतो, हिवाळ्यात हजारो मैलांवरून आलेला भोवत्या त्यावरून तरंगत शिकार करतो. त्या गवतात खड्डे खणून झाडं घुसवली की त्यांचं घर जातं. आणि झाडं तरी कोणती? पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प लावलं गेलं, मध्य अमेरिकेतलं, ज्याला आपले लोक उंदीरमारी म्हणतात. मोकाट गुरं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून ते जगतं आणि कागदावर रोपं जगल्याचा टक्का चांगला दिसतो. उदमांजराला त्याचा उपयोग नाही. ज्या कंपन्यांना खरंच काही करायचं आहे, त्यांनी फेब्रुवारीत यावं आणि जाळरेषा काढायला हात लावावा. उन्हात गवत कापायचं, ते जाळून पट्टा मोकळा करायचा, धुरात उभं राहायचं. त्या कामाला एकही बस आलेली मी पाहिलेली नाही.

कारण वणवा हा इथला सगळ्यात मोठा मारेकरी आहे, आणि तो आम्ही लावतो. हो, आम्ही, गावातले. गवत जाळलं की पुढच्या साली चांगलं येतं, ही समजूत बापाकडून पोराकडे चालत आली आहे. काही वणवे पर्यटकाच्या सिगारेटने लागतात, काही मोकळा डोंगर विकायला बरा म्हणून लावले जातात. मार्चच्या रात्री एक्स्प्रेसवेवरून बघा, डोंगराच्या अंगावर जळती माळ दिसेल. लोक गाडी बाजूला घेऊन तिचा फोटो काढतात. त्या माळेच्या आत घोयरा सरडा असतो, ज्याला पळता येत नाही. बिळातली पिल्लं असतात. जमिनीवर बसणारा रातवा असतो. सकाळी तिथे चालत गेलात तर पायाखाली काय येतं, ते मी इथे लिहीत नाही.

गावकऱ्यांना आणखी एक विचारायचं आहे. ९ ऑगस्ट २०११ला याच एक्स्प्रेसवेवर बऊरजवळ पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध मावळचा शेतकरी उभा राहिला. गोळीबार झाला, तीन शेतकरी मेले. पाण्यासाठी आपण जीव दिला. ते पाणी येतं कुठून? डोंगराच्या झाडीतून, गवतातून, ओढ्यांतून झिरपत येतं. तोच डोंगर आपण गुंठ्यागुंठ्याने विकला, पोकलेनने कापला, ‘निसर्गाच्या कुशीत’ अशी पाटी लावून त्यावर फार्महाऊस उभी केली आणि कमिशन घेतलं. माझ्या भावकीतल्या लोकांनीही घेतलं. जो पर्यटक स्पीकर आणतो त्याला शिव्या देण्याचा हक्क आपल्याला आहे, पण आधी डोंगर विकणाऱ्या हातांना आवरा.

शिक्षकांना मी हात जोडतो. मावळातल्या शाळांच्या सहली जलक्रीडा उद्यानात जातात. शाळेच्या पाठीमागे डोंगर आहे आणि सातवीच्या मुलाला पावशा आणि कोकीळ यांतला फरक सांगता येत नाही. मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत उभं आयुष्य काढलं, रानातल्या माणसांकडून पक्ष्यांची नावं गोळा केली, मराठीला पक्षीकोश दिला. ते २०२५च्या जूनमध्ये गेले. तशी नावं गावातल्या एखाद्या ठाकर आजीच्या तोंडी अजून आहेत. तिला एक दिवस वर्गात बोलवा, मानधन द्या, मुलांना तिच्यामागे डोंगरावर पाठवा. पाच वर्षांनी ती नसेल.

आणि शहरातल्या माणसा, मी तुला येऊ नको म्हणत नाही. डोंगर तुझाही आहे. तुझी मुलं सिमेंटमध्ये वाढतायत, त्यांनी नवरंग पाहिला पाहिजे. पण येशील तेव्हा पहाटे ये. दहा जणांनी नको, तिघा-चौघांनी ये. गाडी गावात ठेव. गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला दिवसाची मजुरी देऊन सोबत घे आणि तो सांगेल तिथे थांब. मे-जूनमध्ये काजवे बघायला जाशील तेव्हा गाडीचा दिवा आणि हातातली बॅटरी बंद ठेव, झाडाखालच्या गवतात शिरू नको, कारण मादी तिथेच असते. वणवा दिसला, शिकारी दिसले, तर फोटो काढण्याआधी १९२६ हा वनखात्याचा क्रमांक लाव.

टिटवीचं चौथं अंडं उबलं. पावसाची पहिली सर येऊन गेल्यावर मी पिल्लू पाहिलं, आईच्या मागे दगडांतून पळत होतं. त्या जागेभोवती आम्ही चौघांनी धोंडे रचले आहेत, गाडी चढणार नाही इतके मोठे. या मेमध्ये जोडी पुन्हा तिथेच आली. धोंडे कोणी हलवू नका.